दूध वेळेत पोचतं, मग मूल का पोचत नाही?

जून उजाडला, शाळा भरायला लागल्या, की कोल्हापुरात एक भांडण दरवर्षी नव्याने पेटतं. एखाद्या चौकात विद्यार्थ्यांनी खचाखच भरलेली रिक्षा अडवली जाते, कुणीतरी फोटो काढतं, आणि आठवडाभर सगळं शहर दोन तटांत उभं राहतं. एक तट म्हणतो, या रिक्षा बंदच करा, पोरांच्या जिवाशी खेळ चाललाय, प्रत्येक शाळेला पिवळी बस सक्तीची करा. दुसरा म्हणतो, गरिबाच्या पोटावर पाय देऊ नका, बसचं भाडं तुम्ही भरणार आहात का? त्याच दिवसांत जिल्ह्याच्या पश्चिम अंगाला, शाहूवाडी, राधानगरी, भुदरगडकडे, वेगळाच वाद रंगलेला असतो. कमी पटाच्या शाळा एकत्र करून मुलांना गाडीने मोठ्या शाळेत न्यायचं, की वाडीतली शाळा वाडीतच ठेवायची? तिथेही दोन तट, आणि तिथेही आवाज चढलेले.

मी तीस वर्षं माध्यमिक शाळेत शिकवलं. निम्मी वर्षं डोंगराकडच्या गावात गेली, उरलेली शहरात. हे दोन्ही वाद मी जवळून ऐकले आहेत आणि दोन्ही चुकीच्या टोकाने चालले आहेत, असं माझं ठाम मत आहे. सगळं भांडण गाडीवर चालतं, मुलाचं नाव कुणाच्याच तोंडी नसतं. ज्याला शाळेपर्यंत पोचणं सगळ्यात अवघड आहे, म्हणजे अपंग मूल, धनगरवाड्यावरचं मूल, ऊसतोड टोळीबरोबर फिरणारं मूल, पुरात घर सोडावं लागलेलं मूल, त्याला एकच एक साधन कधीच पुरणार नाही. कुणाला रिक्षा लागेल, कुणाला एसटीची वेळ अर्ध्या तासाने बदललेली लागेल, कुणाला सायकल, कुणाला सोबतीला माणूस, तर कुणाला पावसाळ्याचे चार महिने गावात पाठ टेकायला जागा. सोय मुलागणिक ठरली पाहिजे, ऋतूप्रमाणे बदलली पाहिजे, आणि तिचा भार आईबापाच्या नशिबावर न टाकता शासनाने उचलला पाहिजे.

माझ्या गल्लीच्या तोंडाला रोज सकाळी एक रिक्षा थांबते. सेरेब्रल पाल्सी, म्हणजे मेंदूच्या इजेमुळे अंगावर पुरता ताबा नसणं, हा त्रास असलेली सातवीतली एक मुलगी तीतून शाळेला जाते. तिची मान धरते, पाठ धरत नाही. रिक्षावाले साठीला आलेले, सगळी गल्ली त्यांना मामा म्हणते. मामा आधी सीटच्या कोपऱ्यात जुन्या वाकळेची गुंडाळी उभी करतात. मग आईच्या हातून मुलीला घेतात, तिची पाठ गुंडाळीला टेकवतात, आणि जुन्या सुती लुगड्याचा पट्टा काखेखालून घेऊन मागच्या दांड्याला बांधतात. गाठ सुरगाठ. मी एकदा विचारलं, घट्ट का बांधत नाही? म्हणाले, "सर, उद्या काय झालं तर एका झटक्यात सुटाय पायजे. आन् नायलॉनची दोरी काचती, लुगडं काचत न्हाई." शेजारी तिचा धाकटा भाऊ आणि गल्लीतली आणखी दोन मुलं. नियमाने तीन प्रवाशांची रिक्षा, आत चार पोरं. मागे एकदा तपासणीची मोहीम निघाली तेव्हा मामांनी दोन दिवस रिक्षा काढली नाही. त्या दोन दिवसांत गल्लीतली बाकीची मुलं बापाच्या स्कूटरवर, कुणी काकाच्या मोटरसायकलवर शाळेला गेली. घरी राहिली ती एकटी तीच.

रिक्षा बंद करा म्हणणाऱ्यांची बाजू मी हलकी मानत नाही. फळी टाकून दहा-बारा मुलं कोंबलेली रिक्षा मी पाहिली आहे, बाहेर लोंबणारी दप्तरं पाहिली आहेत, दाराशी बसलेल्या पोराचा पाय रस्त्याला घासताना पाहिला आहे. अशी रिक्षा रस्त्यावर असूच नये. राज्याने २०११ साली स्कूल बससाठी स्वतंत्र नियम केले. त्यात बसचा रंग, मदतनीस, वेगमर्यादा, प्रत्येक शाळेत परिवहन समिती, असं सगळं आलं. ते नियम मुलांच्या जिवाच्या काळजीतूनच आले, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण एका मापाच्या नियमाने कोण सुरक्षित झालं आणि कोण बाहेर पडलं, याचा हिशेब कुणी मांडला आहे का? बस येते ती मोठ्या रस्त्यापर्यंत. मंगळवार पेठेतल्या बोळात ती शिरत नाही. तिची पहिली पायरीच या मुलीच्या आईच्या गुडघ्याएवढी. बारा वर्षांचं लेकरू कडेवर घेऊन ती चढणार कशी? शिवाय बसचं भाडं भरू शकणाऱ्या घराकडे बहुतेक वेळा दुचाकी असतेच, म्हणजे तो नियम ज्याच्याकडे आधीच दोन वाटा आहेत त्याला तिसरी देतो. ज्याला एकच वाट होती, त्याची तेवढी बंद होते.

आता पश्चिमेकडच्या त्या मुलाकडे येतो. आठवीत होता, धनगरवाड्यावरचा. शाळा पाच किलोमीटरवर, मध्ये रान आणि एक ओढा. जूनच्या शेवटी त्याची हजेरी विरळ व्हायची, जुलैत संपायची, गणपतीनंतर पुन्हा उगवायची. कारण विचारलं की दोनच उत्तरं मिळत, "ओढ्याला पाणी आलं" किंवा "गवा आडवा हुता". मी ही दोन्ही उत्तरं सबबी समजत होतो. वर्गात सगळ्यांसमोर त्याला बोललोही होतो. एका ऑगस्टमध्ये दुपारी शाळा लवकर सुटली तेव्हा मी त्याच्याबरोबर वाड्यापर्यंत चालत गेलो. ओढ्यावर साकव नव्हता, दोन ओंडके आडवे टाकलेले होते आणि पाणी त्यांच्यावरून चाललं होतं. पलीकडे चिखलात गव्याचे खूर ताजे उमटलेले. त्याचे वडील म्हणाले, "सर, पोराला शिकवायचं मनात हाय. पर ह्या पावसात धाडायचा म्हंजे सांजच्यापारी आमचा जीव दारात असतोय." त्या संध्याकाळी मी परत येताना मला माझ्याच हजेरीपटाची लाज वाटली. तीन वर्षं मी त्याच्या नावापुढे गैरहजर लिहीत होतो. खरं तर गैरहजर रस्ता होता.

पुढे काय झालं ते सांगतो, कारण माझा सगळा मुद्दा त्यात आहे. गावच्या दूध संस्थेच्या सचिवांनी त्याला पावसाळ्यापुरतं घरी ठेवून घेतलं. जून ते सप्टेंबर तो त्यांच्या माडीवर राहिला, वडील आठवड्याला तांदूळ-नाचणी पोचवत. ऑक्टोबरपासून तो पुन्हा चालत येऊ लागला. दोन वर्षांनी दहावी पास झाला. त्याला बस लागली नाही, रिक्षा लागली नाही, नवी शाळाही लागली नाही. त्याच्यापुरता प्रवासाचा प्रश्न म्हणजे चार महिन्यांचा मुक्काम होता. पण तो सचिवांच्या चांगुलपणामुळे सुटला. त्याच वाड्यावरच्या त्याच्या बहिणीला गावात असं घर मिळालं नाही. वयात येणाऱ्या मुलीला परक्याच्या घरी कसं ठेवायचं, हा आईचा प्रश्न खोटा नव्हता. तिची शाळा सातवीलाच सुटली. एका घरातली दोन भावंडं, दोघांची अडचण वेगळी, आणि दोघांना वेगळी सोय हवी होती.

ही गोष्ट कोल्हापूरला नवी आहे का? राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ साली संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं, मूल शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिना एक रुपया दंड ठेवला, हे आपण अभिमानाने सांगतो. पण त्याच्या सोळा वर्षं आधी, १९०१ साली, त्यांनी व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग काढलं होतं, हा क्रम फारसा कुणी लक्षात घेत नाही. सक्ती नंतर आली, राहायची सोय आधी. खेड्यातून आलेल्या पोराला शहरात टेकायला जागा नाही, म्हणून तो शिकत नाही, हे त्यांनी ओळखलं. मग जैन बोर्डिंग, मुस्लिम बोर्डिंग, लिंगायत बोर्डिंग, अस्पृश्य मानल्या गेलेल्या मुलांसाठी १९०८ साली मिस क्लार्क बोर्डिंग, अशी रांग लागली. एकच भलं मोठं वसतिगृह बांधून सगळ्यांनी त्यात या, असं त्यांनी म्हटलं नाही. त्या काळच्या समाजात कुणाची अडचण कुठे आहे, कोण कुठे राहू शकेल, कुणाच्या घरचे कुठे पाठवतील, हे बघून सोय केली. कुंभोजला जन्मलेले कर्मवीर भाऊराव पाटील इथल्याच जैन बोर्डिंगात राहून शिकले, आणि १९१९ साली त्यांनी रयत शिक्षण संस्था उभी केली तेव्हा वसतिगृह हा तिचा कणा ठेवला. शाळेची इमारत बांधली म्हणजे मूल शाळेत आलं, असं या माणसांनी कधीच धरलं नाही.

कायद्यातही हे आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याखालच्या नियमांत पहिली ते पाचवीची शाळा एक किलोमीटरच्या आत आणि सहावी ते आठवीची तीन किलोमीटरच्या आत असावी, असं ठरलं आहे. जिथे ते शक्य नाही तिथे मोफत वाहतूक किंवा निवासाची सोय करायची जबाबदारी शासनाची. २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा त्याच्या पुढे जातो. त्याच्या १६ व्या कलमात अपंग मुलासाठी वाहतुकीची सोय सांगितली आहे, आणि ज्याला जास्त आधार लागतो त्याच्या सोबत्याचीही. समग्र शिक्षा योजनेत वाहतुकीसाठी मुलामागे वर्षाला सहा हजार रुपयांपर्यंत तरतूद आहे. तेव्हा शासनाने काहीच केलं नाही, असं म्हणणं अन्यायाचं होईल. पण सहा हजारांचा हिशेब करून बघा. वरच्या प्राथमिक वर्गांना वर्षाला किमान २२० दिवस शाळा भरली पाहिजे. भागाकार केला तर दिवसाला सत्तावीस रुपये, एका खेपेला साडेतेरा. बांधून, उचलून, वर्गाच्या दारापर्यंत नेणारी रिक्षा साडेतेरा रुपयांत कोण देणार? आणि ही रक्कम घरच्यांनी आधी खर्च करून मागाहून मिळणार असेल, तर रोजगारावर जाणाऱ्या आईने जूनचे पैसे कुठून आणायचे? नियमात शब्द आहेत, कागदावर रक्कम आहे, पण मुलाचं नाव आणि त्याची वाट यांना जोडणारं कुणी नाही.

एसटीचंही तसंच. मुलींना बारावीपर्यंत मोफत पास आहे. अहिल्याबाई होळकरांच्या नावाची ही योजना, आणि तिने खेड्यातल्या हजारो मुलींना शिकवलं आहे. मी स्वतः त्या पासाचे फॉर्म भरून दिलेत. पण पास फुकट असून गाडीच नसेल तर? शाळा साडेदहाला आणि गाडी सव्वाअकराला येत असेल तर? पूर्वी आमच्या गावात मुक्कामी गाडी असायची. रात्री नऊला यायची, चालक-वाहक देवळात झोपायचे, आणि पहाटेची पहिली फेरी पोरांनी भरून निघायची. २०२१ च्या दिवाळीच्या सुमारास सुरू झालेला एसटीचा संप पुढच्या एप्रिलपर्यंत चालला, तेव्हा त्या एका गाडीवर किती घरांचं शिक्षण टेकलेलं होतं ते उघडं पडलं. कामगारांचे प्रश्न खरे होते, त्यांना मी दोष देत नाही. एकाच साधनावर सगळा भार टाकला की ते साधन थांबल्यावर मुलीच आधी थांबतात, एवढंच त्या सहा महिन्यांत दिसलं.

सोय ऋतूप्रमाणे बदलायची म्हणजे कशी, असं कुणी विचारलं तर मी त्याला आपल्याच नदीवर घेऊन जाईन. कोल्हापूर पद्धतीचा बंधारा ही या जिल्ह्याने सगळ्या राज्याला दिलेली देणगी. त्याचं मर्म बर्ग्यांत, म्हणजे खांबांमधल्या काढत्या-घालत्या फळ्यांत आहे. पावसाळ्याआधी बर्गे काढतात, पुराचं पाणी मोकळं जाऊ देतात. पाऊस सरला की पुन्हा घालतात आणि पाणी अडवतात. खांब तेच, बर्गे ऋतूप्रमाणे. आपल्या आज्या-पणज्यांच्या काळापासून नदीशी असं वागणारे आपण, मुलांच्या वाटेचं नियोजन मात्र बाराही महिने एकाच कागदावर करतो. आणि याच बंधाऱ्यांवरून शेकडो मुलं सायकलने शाळेला जातात. पावसाळ्यात बंधारा पाण्याखाली गेला की दोन किलोमीटरवरची शाळा वळसा घालून बारा-पंधरा किलोमीटरवर जाते. पंचगंगेची पातळी राजाराम बंधाऱ्यावर एकोणचाळीस फुटांवर गेली की इशारा, त्रेचाळीसला धोका, हे कोल्हापुरात शेंबड्या पोराला पाठ असतं. मांडुकलीजवळ पाणी आलं की गगनबावड्याचा रस्ता बंद, केर्लीजवळ आलं की रत्नागिरीचा, हेही माहीत असतं. जे इतकं ठरलेलं आहे, त्याची शाळेच्या वाटेपुरती तजवीज मे महिन्यात का होऊ नये?

मग मी दुधाकडे बघतो. गोकुळ दूध संघ १९६३ साली उभा राहिला. आज जिल्ह्यातल्या आडवाटेच्या वाडीवरसुद्धा सकाळ-संध्याकाळ दूध गोळा होतं. डोक्यावर किटली घेऊन बाई संस्थेत येते, माप होतं, फॅट लागते, वहीत नोंद होते. छोटा टेम्पो वाडीतून कॅन उचलून रस्त्याला आणतो, मोठी गाडी ते पुढे नेते. रस्ता खचला तर गाडी कुठून फिरवायची हे रात्रीतून ठरतं. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात तेही बंद पडलं होतं, हे खरं. पण पाणी उतरताच पहिली चाकं दुधाचीच हलली. हे कुणी वरून एक मोठा आराखडा काढून केलं नाही. वाडीनिहाय, वाटेनिहाय, माणसं नेमून, पैसे दर दहा दिवसांनी हिशेबाने देऊन हे जमवलं. दुधाच्या टेम्पोत पोरं बसवा, असं मी म्हणत नाही. ते धोक्याचं आहे. म्हणायचं एवढंच की प्रत्येक वाडीवरून दिवसातून दोनदा काहीतरी जपून उचलायचं आणि वेळेत पोचवायचं, हे काम या जिल्ह्याला येतं. साठ वर्षं येतं. दूध चार तासांत नासतं म्हणून आपण धावतो. मूल नासतं ते सावकाश, वर्षा-दोन वर्षांत, आणि त्याचा वास कुणाला येत नाही, म्हणून का थांबायचं?

आता आक्षेपांकडे. पहिला पैशाचा. मुलागणिक सोय म्हटली की खर्च वाढतो, हे मान्य. एका मुलीसाठी एक रिक्षा, ही चैन वाटू शकते. पण चाळीस आसनांची बस डोंगरात सात मुलांसाठी फिरवण्याचा खर्च कुणी मोजतो का? जिथे सायकल पुरते तिथे सायकल द्या. बिहारने २००६ साली नववीत जाणाऱ्या मुलींना सायकली दिल्या, आणि नंतरच्या अभ्यासात माध्यमिक शाळेतलं मुलींचं प्रमाण सुमारे तीस टक्क्यांनी वाढल्याचं दिसलं. जिथे एसटीची वेळ सरकवून भागतं तिथे तर एक पैसाही लागत नाही, आगार व्यवस्थापक आणि मुख्याध्यापक एकदा समोरासमोर बसले की झालं. सगळ्यांना महाग सोय लागत नाही. लवचिक व्यवस्थेत पैसा वाचतो तो इथे, आणि तो त्या थोड्या मुलांवर खर्च करता येतो ज्यांना खरंच स्वतंत्र वाहन लागतं.

दुसरा आक्षेप बोगस नावांचा. पैसे सुटे वाटले की खोटी नावं घुसतात, आणि असं घडतं, हे मी नाकारणार नाही. पण वहीत दोन वेळचं माप लिहिणारी दूध संस्था ज्या गावात चालते, त्या गावात सात-आठ मुलांची खेप मोजता येत नाही, हे मला पटत नाही. शाळेत रोज हजेरी होते. रिक्षावाल्याच्या वहीवर वर्गशिक्षकाची सही घ्या, शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक असतात, त्यांच्यापुढे ती वही महिन्याला ठेवा. पालकाला माहीत असतं कुणाचं पोर गाडीत होतं.

तिसरा आक्षेप मला सगळ्यात जड वाटतो, आणि तो अपंग मुलांच्या हक्कांसाठी आयुष्य वेचलेल्या माणसांकडूनच येतो. ते म्हणतात, वेगळी गाडी दिली की मूल वेगळं पडतं. सगळ्यांच्या बसलाच उतरती फळी लावा, सगळ्यांच्या एसटीतच चाकाची खुर्ची चढवा. त्यांचं बरोबर आहे. ज्या शाहू महाराजांची मी साक्ष काढली, त्यांनीच १९१९ साली अस्पृश्यांसाठीच्या वेगळ्या शाळा बंद करून सगळ्या मुलांना एका शाळेत बसवायचा हुकूम काढला. वेगळेपणातून हीनपणा जन्मतो, हे त्यांना समजलं होतं. तरीही त्यांनी बोर्डिंगं मोडली नाहीत. वाटा वेगळ्या ठेवल्या, दार एक केलं. माझी कसोटी तीच आहे. गाडी वेगळी असली तरी ती त्याच फाटकाशी थांबते का, मुलगी त्याच वर्गात बसते का, गाडीत तिच्याबरोबर गल्लीतली पोरं असतात का? मामांच्या रिक्षात ती असतात. ती चौघं वाटेत पाढे म्हणतात, भांडतात, चिंचा खातात. सगळ्या बसगाड्या खुर्ची चढण्याजोग्या व्हायला हव्यातच, त्यासाठी भांडत राहिलंच पाहिजे. पण ते होईपर्यंत ही मुलगी पंचवीस वर्षांची होईल. तोवर घरी शिक्षक पाठवू, असं म्हणणं सोपं आहे. ज्याला खरोखर घराबाहेर पडताच येत नाही त्याच्यासाठी गृहशिक्षण हवंच. पण गाडी नाही म्हणून कुणाला गृहशिक्षणात ढकलणं म्हणजे सोयीचं नाव देऊन शाळेचं दार बंद करणं.

कमी पटाच्या शाळांबद्दल माझं मत सरळ आहे. वाहतुकीची सोय पुढे करून वाडीतली पहिली ते चौथीची शाळा बंद करण्याला माझा विरोध आहे. सहा वर्षांच्या लेकराला गगनबावड्याच्या पावसात रोज आठ किलोमीटर गाडीने नेणं, ही सोय नव्हे. २०१७ साली दहापेक्षा कमी पटाच्या तेराशेवर शाळा बंद करायचा निर्णय झाला, २०२३ साली समूह शाळांचा, म्हणजे लहान शाळा एकत्र करण्याचा विषय पुढे आला, तेव्हा या जिल्ह्यातून जो आवाज उठला त्यात मीही होतो. पण आमच्या बाजूचीही एक चूक मला दिसते. वाडीतली शाळा वाचली की आम्ही घरी जातो. चौथीनंतर, सातवीनंतर त्या मुलांचं काय? प्रत्येक वाडीत हायस्कूल होणार नाही, होऊ शकत नाही. तिथे प्रवासाचा प्रश्न सुरू होतो आणि नेमका तिथेच आमचा आवाज बसतो.

ऊसतोड मजुरांच्या मुलांवर दोन शब्द. दिवाळीनंतर मराठवाड्यातून टोळ्या येतात, उसाच्या फडाजवळ कोप्या, म्हणजे त्यांची खोपटं पडतात. मुकादम सांगेल तसा तळ हलतो. आज शाळेपासून दोन किलोमीटरवर, पंधरा दिवसांनी सातवर. शिक्षण हमी कार्डामुळे मुलाला नव्या शाळेत बसता येतं, पण हंगामात तीन शाळा बदलणारं मूल शिकणार काय? अमेरिकेत १९८७ साली बेघर कुटुंबांसाठी एक कायदा झाला, मॅकिनी-व्हेंटो नावाने तो ओळखला जातो. पुढे त्यात अशी तरतूद पक्की झाली की घर सुटलं तरी मुलाला जुन्या शाळेत राहता यावं, आणि तिथवर पोचवायची जबाबदारी शाळा प्रशासनाची. म्हणजे घर हललं तरी शाळा हलू नये. फडावरच्या मुलासाठी, पुरात प्रयाग चिखलीहून नाहीतर आंबेवाडीहून शहरात आलेल्या मुलासाठी हा विचार किती जवळचा आहे! हंगामापुरती एक छोटी गाडी, जिची वाट तळाबरोबर बदलते. कारखान्यांना आज कुठला फड तुटतोय याची दररोजची यादी असते. ती यादी शाळांवर देखरेख करणाऱ्या केंद्रप्रमुखाच्या हातात गेली तर अर्धं काम झालं.

मागणी फार मोठी नाही. दर एप्रिलमध्ये प्रत्येक शाळेने ज्यांची वाट अवघड आहे अशा मुलांची नावं लिहावीत, आणि नावापुढे दोन रकाने: पावसाळ्यात काय, पावसाळ्यानंतर काय. व्यवस्थापन समितीने पालकाला समोर बसवून ते भरावेत. पैसे महिन्याच्या सुरुवातीला यावेत, सहा हजारांची मर्यादा ज्याला पुरत नाही त्याच्यासाठी सैल व्हावी. रिक्षावाल्यांशी लेखी करार व्हावा, त्यात मुलांची संख्या, पट्टा, विमा, सगळं असावं. आणि तालुक्याला एक माणूस नेमलेला असावा, ज्याला सकाळी सातला फोन करून सांगता येईल की आज गाडी आली नाही.

गेल्या आठवड्यात मामा भेटले. गुडघे गेलेत, पुढच्या दिवाळीला रिक्षा विकायची म्हणतात. मुलगी जूनमध्ये आठवीला जाईल, शाळा बदलेल, नवी शाळा गावाच्या दुसऱ्या टोकाला. तिची आई चौकशीला गेली तर तिला सांगितलं गेलं, प्रवेश देतो, ने-आणीचं तुमचं तुम्ही बघा. मामा मला म्हणाले, "सर, कुणीतर नवा पोरगा बघा. आठ दिवस माझ्यासंगं फिरू दे. त्याला गाठ कशी मारायची तेवढं दावतो."